करार संपल्यानंतरचे दिवस

(घरकामगार स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. ज्या स्त्रियांचे अनुभव सांगितले आहेत त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मैत्रिणींनो,

काल दिवसभर आपण इथल्या घरकामाबद्दल बोललो. पगारी सुट्टी, दिवाळीचा बोनस, आजारपणातले खाडे, २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला त्यातून हाती काय लागलं, अशी बरीच चर्चा झाली. आज मला घरकामासाठी परदेशी जाणाऱ्या बायांबद्दल बोलायला सांगितलंय. विषय फार मोठा आहे. एका तासात सगळं सांगायला गेले तर काहीच नीट सांगून होणार नाही. म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेणार आहे. करार संपल्यानंतरचे दिवस.

तुम्ही म्हणाल, करार संपला म्हणजे प्रश्न संपला. बाई घरी आली. आमचाही बरेच दिवस असाच समज होता. बाई जायला निघते तेव्हा सगळी चर्चा जाण्याची असते. एजंट कोण, किती पैसे घेतले, पासपोर्ट कुठल्या प्रकारचा, व्हिसा खरा की खोटा. आपण संघटनेच्या बायाही तेवढंच विचारतो. पण आमच्या केंद्रावर ज्या बाया तक्रार घेऊन येतात, त्यातल्या पुष्कळजणींची तक्रार कराराच्या दोन वर्षांतली नसते. ती त्यानंतरच्या दोन-चार महिन्यांतली असते. दोन वर्षं तिनं कशीबशी निभावलेली असतात. बुडालेली असते ती शेवटाला.

असं का होतं, ते आज आपण समजून घेऊ. आधी दोघींच्या गोष्टी सांगते.

पहिली बाई कुवेतला होती. तिला मी ताई म्हणते. ताई ठाणे जिल्ह्यातली, नवरा वारलेला, दोन मुलं आईकडे. पगार महिना ९० दिनार. करार दोन वर्षांचा. दोन वर्षं संपली ती २०१९ साली, रमजानच्या थोडं आधी. मालकीण म्हणाली, "रमजान होऊ दे, मग जा. घरात पाहुणे येतात, तू गेलीस तर मी काय करू?" ताईला ते पटलं. दोन वर्षं त्या घरातली मुलं हिनंच वाढवली होती. पाहुणे येणार असताना निघून जायचं हे तिच्या मनालाही बरं वाटेना. रमजान झाला, ईद झाली. मग मालकीण म्हणाली, "नवी बाई यायचीय, ती आली की तिला काम शिकव आणि जा." नवी बाई यायला आणखी तीन महिने गेले. असे एकूण पाच महिने झाले. पहिल्या दोन महिन्यांचा पगार मिळाला. पुढच्या तीन महिन्यांचा "जाताना एकदम देऊ" म्हणून राहिला.

जायची वेळ आली तेव्हा कळलं की तिचा अकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, करार संपला त्याच सुमारास संपला होता. तो कुणी नवा केलाच नव्हता. अकामा नवा करायची जबाबदारी मालकाची असते. ताईला तर तो वाचताही येत नव्हता. पासपोर्टही मालकाच्या कपाटात होता. परवाना संपून राहिलं की तेव्हा दिवसाला २ दिनार दंड होता. दीडशे दिवसांचे ३०० दिनार झाले. आपल्याकडच्या तेव्हाच्या दरानं जवळजवळ ७०,००० रुपये. मालकानं हिशेब मांडला. तीन महिन्यांचा पगार २७० दिनार, त्यातून दंड ३०० दिनार वजा, तिकीट आमच्याकडून. म्हणजे तूच आम्हाला ३० दिनार देणं लागतेस, पण जाऊ दे, तू चांगली बाई आहेस.

"ताई, मी त्यांचे आभार मानून आले हो," असं ती मला सांगत होती.

आता यातला कायदा काय ते बघा. कुवेतमध्ये घरकामगारांसाठी २०१५ साली स्वतंत्र कायदा झालेला आहे. आठवड्याला एक सुट्टी, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा, आणि करार संपताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, हे सगळं त्या कायद्यात आहे. पासपोर्ट मालकानं ठेवून घ्यायचा नाही, हेही आहे. म्हणजे ताईला दोन वर्षांचे दोन पगार, १८० दिनार, वेगळे मिळायला हवे होते. तीन महिन्यांचे २७० धरून ४५० दिनार झाले. दंड तिचा नव्हताच. ती ४५० दिनार घेऊन यायची, ती रिकाम्या हातानं आली, आणि वर उपकाराची भावना घेऊन आली. विमानात बसायच्या आधी तिच्याकडून एका अरबी कागदावर अंगठा घेतला होता. त्यावर काय लिहिलं होतं हे तिला माहीत नाही. माझा अंदाज आहे, "माझा सगळा हिशेब मिळाला" असंच लिहिलेलं असणार.

दुसरी बाई दुबईची. हिचा स्वभाव ताईच्या अगदी उलट. करार संपला तेव्हा मालक तिला परत पाठवायला तयार होता, तिकीटही काढून देत होता. पण हिच्या डोक्यावर अजून कर्ज होतं. मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. तिनं विचार केला, तीन महिने बाहेर काम करू, कर्ज फेडू आणि जाऊ. शारजात चार बायांनी मिळून घेतलेल्या खोलीत तिनं एक पलंग भाड्यानं घेतला आणि तासावर कामं धरली. सकाळी दोन घरं, संध्याकाळी एक.

आपल्याला वाटेल, आता हिच्यावर संकट कोसळलं असणार. संकट आलं, ते सांगतेच. पण आधी तिचं म्हणणं ऐका. ती म्हणाली, "बाई, ते तीन महिने मी परदेशात खरी जगले. त्या आधी दोन वर्षं मी त्या घराबाहेर एकटी पडलेच नव्हते. इथं खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. शुक्रवारी आम्ही चौघी समुद्रावर जायचो. पैसे मालकिणीकडे होते त्याच्या दुपटीच्या आसपास पडायचे."

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण आपण कार्यकर्त्या पटकन म्हणतो की परवाना संपल्यावर राहणं चूक, बेकायदा, बाईनं तसं करू नये. पण बाई तसं का करते? जे आपण इथं मोलकरणींसाठी मागतो, म्हणजे कामाचे ठरलेले तास, एकापेक्षा जास्त घरं धरायची मोकळीक, रात्री स्वतःच्या घरी झोपायचा हक्क, ते तिला तिथं कायद्यानं राहून मिळत नव्हतं. बेकायदा झाल्यावर मिळालं. मग चूक कुणाची म्हणायची?

आता संकट. तिसऱ्या महिन्यात एका घरानं तिचा पूर्ण महिन्याचा पगार दिला नाही. ती मागायला गेली तर घरातला माणूस म्हणाला, "पोलिसांना बोलावू का?" ती गप्प परत आली. तीन महिने संपले तेव्हा कर्ज फिटलं नव्हतं आणि दंड साठला होता. दंड रोज वाढतो. तो भरल्याशिवाय किंवा माफ झाल्याशिवाय देशाबाहेर पडता येत नाही. जितकं जास्त राहावं तितकं जाणं अवघड, आणि जाणं अवघड म्हणून आणखी राहावं. तीन महिन्यांचे चौदा महिने झाले. दाढ सुजली तरी दवाखान्यात जायची भीती. आई वारली तेव्हा येता आलं नाही. शेवटी २०१८ साली तिथल्या सरकारनं अशा लोकांसाठी माफीची मुदत जाहीर केली, ऑगस्टमध्ये सुरू झाली ती मुदतवाढी मिळून वर्षाअखेरपर्यंत चालली, तेव्हा ती दंड न भरता परत येऊ शकली.

अशा माफीच्या मुदती अधूनमधून निघतात. अमिरातींत २०२४ साली सप्टेंबरपासून वर्षाअखेरपर्यंत होती, कुवेतमध्येही २०२४ साली मार्चपासून जूनपर्यंत होती. पण माफी ही मेहेरबानी असते. ती कधी येईल हे कुणाला माहीत नसतं, आणि तिच्या भरवशावर कुणी राहू नये. अमिरातींत २०२२ पासून दंड दिवसाला ५० दिरहम केला आहे. महिन्याचे १,५०० दिरहम झाले. घरकाम करणाऱ्या कित्येक बायांचा महिन्याचा पगार एवढा नसतो.

आता या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. एक बाई थांबली कारण मालकानं थांबवलं. दुसरी थांबली कारण तिला थांबायचं होतं. पण दोघींच्या बाबतीत करार संपला त्या दिवशी एक गोष्ट सारखीच घडली. त्यांचा त्या देशात राहण्याचा हक्क संपला. काम संपलं नाही. घर झाडायचं होतं, मुलं सांभाळायची होती, कुणाला तरी बाई हवीच होती. काम होतं तसं राहिलं आणि बाई मात्र बिनहक्काची झाली.

हे असं होतं याचं कारण तिथली कफाला पद्धत. शब्द नवा असेल तर सांगते. कफील म्हणजे जामीनदार. बाईला बोलावणारा मालक हाच सरकारपुढं तिचा जामीनदार असतो. तिचा परवाना त्याच्या नावाशी बांधलेला. तो तिला पळालेली म्हणून जाहीर करू शकतो, मग तिला पकडता येतं. वेगवेगळ्या देशांत यात थोडेफार बदल झालेत. कतारमध्ये २०२० साली नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, आणि २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान वेतन घरकामगारांनाही लागू केलं. अमिरातींतही घरकामगारांसाठी २०२२ साली नवा कायदा आला. म्हणजे काहीच हललं नाही असं म्हणायचं कारण नाही. जगभरच्या संघटनांनी, त्यात आपल्यासारख्या बायांच्या संघटनाही आल्या, लावून धरलं म्हणून हे हललं. पण परवाना मालकाशी बांधलेला असणं, हा मूळ गाभा बराचसा तसाच आहे.

कुणाला वाटेल की हा अरब देशांचाच दोष. तसं नाही, म्हणून हाँगकाँगचं उदाहरण देते. तिथं तीन लाखांहून जास्त परदेशी बाया घरकामाला आहेत. निम्म्याहून अधिक फिलिपिन्सच्या, मग इंडोनेशियाच्या, काही हजार आपल्या देशातल्याही. तिथं छापील करार आहे, किमान पगार आहे, आठवड्याची सुट्टी आहे, बायांच्या संघटना आहेत, रविवारी त्या रस्त्यावर उतरून मोर्चे काढतात. पण तिथं १९८७ सालापासून एक नियम आहे. करार संपला किंवा मधेच मोडला की दोन आठवड्यांच्या आत देश सोडायचा. राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याच्याही आधी. त्या दोन आठवड्यांत काम करायचं नाही. केलं तर गुन्हा. मधेच करार मोडला तर सर्वसाधारणपणे आपल्या देशात परत जाऊन तिथून नव्यानं अर्ज करायचा, म्हणजे एजंटाचे पैसे पुन्हा. पगार बुडवला म्हणून मालकावर दावा लावला तर दावा चालेपर्यंत राहायची मुदत मागता येते, पण त्या काळातही काम करता येत नाही. कमाई नाही, राहायला जागा नाही, आणि निकालाची वाट बघायची. किती बाया टिकतील? बऱ्याचजणी मिळेल ती रक्कम घेऊन तडजोड करतात. आणि ज्या घरात मारहाण आहे, उपासमार आहे, तिथलीही बाई "सोडलं तर दोन आठवडेच आहेत" म्हणून करार संपायची वाट बघत राहते.

म्हणजे आखातात बाईला करार संपल्यावर अडकवून ठेवतात आणि हाँगकाँगमध्ये करार संपल्यावर हाकलतात. दिसायला दोन टोकं आहेत. मुळात गोष्ट एकच. बाईचा राहण्याचा हक्क तिच्या कामाचा म्हणून तिला मिळालेला नाही. तो मालकाचा आहे आणि मालकाबरोबर संपतो.

हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? लग्न झालेल्या बाईचं घरात राहणं नवऱ्याच्या नावाशी बांधलेलं असतं, हे आपण किती वर्षं बोलतोय. नवऱ्यानं टाकलं की तिचं घर संपलं. तिनं वीस वर्षं त्या घरात राबलेलं कुठं धरलं जात नाही. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा जो आंतरराष्ट्रीय करार आपण सीडॉ म्हणून ओळखतो, त्याच्या समितीनं २००८ साली स्थलांतरित कामगार स्त्रियांबद्दल शिफारशी दिल्या. त्यात हे दोन्ही एकाच वाक्यात घेतलंय. बाईचा राहण्याचा परवाना मालकावर किंवा नवऱ्यावर अवलंबून असेल तिथं तिला स्वतंत्र दर्जा मिळेल अशी तरतूद करा, असं त्या म्हणतात. हा करार भारतानं १९९३ साली मान्य केला आहे. आखातातल्या सहाही देशांनी, आपापल्या अटी घालून का होईना, मान्य केला आहे.

आता आपल्या घरातली बाजू. करार संपल्यावर थांबायला बाईला मालकच भाग पाडतो असं नाही. फोन घरूनही येतात. "स्लॅब टाकायचाय, आणखी सहा महिने काढ." "धाकट्या दिराचं लग्न आहे, त्यानंतर ये." ताईच्या भावानं तिला सांगितलं होतं, "मालकीण म्हणतेय तर थांब ना, इथं येऊन काय करणार आहेस?" परत कधी यायचं हे मालक ठरवतो, एजंट ठरवतो, भाऊ ठरवतो. जिचा पासपोर्ट, जिचा करार, जिचे हात, तिला कुणी विचारत नाही. आणि ती आल्यावर तिच्याबद्दल वस्तीत काय बोललं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. पाठवलेल्या पैशांवर घर उभं राहिलेलं चालतं.

आपलं सरकार काय करतं? १९८३ चा स्थलांतराचा कायदा आहे. दहावी न झालेल्यांना आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जायचं तर आधी परवानगी लागते. अशा बायांना तीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नाही. हेतू संरक्षणाचा आहे असं सांगतात. पण घरात चूल पेटायची असते तेव्हा बाई तीस वर्षांची व्हायची वाट बघत नाही. एजंट तिला फिरायच्या व्हिसावर नेतो आणि तिथं गेल्यावर कामाचा व्हिसा करतो, किंवा करतच नाही. मग सरकारदरबारी तिची नोंदच नसते. नोंद नाही म्हणजे करार नाही, आणि करारच नाही तर तो संपला कधी हे कोण सांगणार? सीडॉच्या त्याच शिफारशींत म्हटलंय की बायांवर वयाची आणि अशी दुसरी बंधनं घालू नका. संरक्षण हवं तर ते वाटेत आणि मुक्कामावर द्या. दारात अडवून ते मिळत नाही.

नोंद होऊन गेलेल्या बाईचाही एक धागा करार संपताना तुटतो. प्रवासी भारतीय विमा योजना आहे. अपघाती मृत्यू आला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. हप्ता अगदी थोडा, दोन वर्षांचे २७५ रुपये आणि तीन वर्षांचे ३७५. पण पॉलिसी दोन किंवा तीनच वर्षांची. करार दोन वर्षांचा म्हणून विमाही बहुधा दोन वर्षांचाच काढलेला असतो. बाई पाच महिने जास्त राहिली आणि विम्याची मुदत वाढवली नसली तर त्या पाच महिन्यांत तिला काही झालं तरी विमा नाही.

२०२० साल आठवा. मार्च महिन्यात विमानं बंद झाली. हजारो माणसांचे करार त्या काळात संपले. जायला विमान नाही, म्हणून घरकामाच्या बाया तिथंच राबत राहिल्या. घरात सगळी माणसं चोवीस तास, शाळा बंद, काम दुप्पट. ७ मे पासून सरकारनं परत आणायची विमानं सुरू केली तेव्हा ज्या आल्या त्यातल्या कितीतरीजणी थकलेला पगार तिथंच टाकून आल्या. विमानात जागा मिळाली की पगारासाठी कोण थांबणार? आणि इथं आल्यावर तिथल्या मालकाकडून पैसे वसूल करायचा सोपा मार्ग नव्हता. आजही नाही.

मग आपण करायचं काय? आपल्या हातात आहे तेवढं आधी सांगते.

पहिलं, निघण्याआधी. कराराची एक प्रत आणि पासपोर्टच्या पानांची झेरॉक्स इथं घरी आणि एक संघटनेकडे ठेवायची. एजंटाला कायद्यानं ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावी लागते. पावती मागायचीच. कारण बाई करार संपल्यावर का थांबते याचं मूळ बहुतेक वेळा या पहिल्या कर्जात असतं. मुलीची फी, घराचा स्लॅब हे मागून येतं.

दुसरं, तिथं पोचल्यावर. अकामा झाला की त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवायचा. त्यावर शेवटची तारीख असते. ती वाचता आली नाही तर वाचून घ्यायची. कराराची शेवटची तारीख आणि अकाम्याची शेवटची तारीख एकच असेल असं धरून चालू नका. विमा कधी संपतो ही तिसरी तारीख.

तिसरं, करार संपायला तीन महिने राहिले की विषय काढायचा. जाणार की राहणार, हे बाईनं स्वतः ठरवायचं. राहणार असेल तर किती दिवस, पगार किती, तिकीट कोण देणार, हे लिहून घ्यायचं आणि अकामा वाढल्याचा कागद बघितल्याशिवाय एक दिवसही जास्त राहायचं नाही. "दोन महिने थांब" हे तोंडी वाक्य ज्या दिवशी ऐकू येईल त्या दिवशी घरी कळवायचं.

चौथं, निघताना. न वाचता सही किंवा अंगठा नाही. हे सांगणं सोपं आणि करणं किती अवघड हे मला माहीत आहे. पासपोर्ट मालकाच्या हातात आणि गाडी दाराशी उभी असते. म्हणूनच शेवटचा हिशेब शेवटच्या दिवशी नको, आधी मागायचा. पैसे राहिलेच तर आपल्या वकिलातीत तक्रार नोंदवून, शक्य असेल तर तिथल्या विश्वासाच्या माणसाच्या नावानं मुखत्यारपत्र करून मग निघायचं. इथं आल्यावर घरच्यांना परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या पोर्टलवर तक्रार टाकता येते. ते २०१५ पासून आहे. आणि परत यायला पैसे नसतील, दंडात अडकली असेल, तर वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून. तो मागायचा असतो. तो भीक नव्हे. तिथं राहणाऱ्या भारतीयांनी वकिलातीच्या कामांसाठी भरलेल्या शुल्कातूनच तो उभा राहतो.

आणि जी बाई मुदत संपून राहिली आहे, तिला आपण गुन्हेगारासारखं बोलायचं नाही. तिला विचारायचं, कुठं राहतेस, कुणाला माहीत आहे, आजारी पडलीस तर कुणाला फोन करशील. पगार बुडवणाऱ्याला तिच्या भीतीचाच फायदा मिळतो. आपणही तिला घाबरवलं तर त्याचंच काम सोपं होतं.

हे झालं बाईच्या पातळीवर. पण सगळी सावधगिरी एकट्या बाईनंच घ्यायची हे बरोबर नाही. मागण्याही हव्यात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी करार मंजूर केला, क्रमांक १८९. आपले कागद स्वतःजवळ ठेवायचा हक्क त्यात आहे, आणि आठव्या कलमात असंही आहे की करार संपल्यावर किंवा मोडल्यावर स्थलांतरित घरकामगाराला मायदेशी परत पाठवण्याच्या अटी प्रत्येक देशानं कायद्यानं ठरवाव्यात. म्हणजे आज आपण ज्या दिवसांबद्दल बोलतोय, ते दिवस त्या कलमात आहेत. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. फिलिपिन्सनं २०१२ सालीच दिली. मान्यता दिली तर इथल्या घरकामगारालाही त्याचा आधार मिळेल, म्हणून ही मागणी दोघींची आहे, धारावीत भांडी घासणारीची आणि दोहात भांडी घासणारीची.

दुसरी मागणी, आपलं सरकार त्या त्या देशांशी करार करतं तेव्हा त्यात एक कलम हवं. करार संपल्यावर बाईला ठरावीक मुदत मिळावी, त्या मुदतीत दंड नाही, दुसरं काम शोधायची आणि करायची मोकळीक, आणि परवाना न वाढवल्याचा दंड मालकावर. तिसरी, परत आल्यावरही थकलेला पगार मागता येईल अशी सोय. १९९० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरित कामगारांच्या करारात हे तत्त्व आहे, की माणसाला देशाबाहेर घालवलं तरी जाण्याआधी किंवा गेल्यानंतर पगाराचा हिशेब मागायची संधी मिळाली पाहिजे. तोही आपण मान्य केलेला नाही.

मागण्यांना वेळ लागेल. म्हणून एक लहान काम आजपासून सुरू करता येईल असं सांगून थांबते. तुमच्यातल्या बऱ्याचजणींच्या बचत गटात, मंडळात वही असते. वस्तीतून कोण बाहेरगावी, परदेशी गेली याची नोंद काहीजणी ठेवतात. मी त्या वह्या बघितल्या आहेत. नाव, गाव, कुठं गेली, कधी गेली. एवढेच रकाने. त्यात आणखी एक रकाना आखा, करार कधी संपतो. ती तारीख जवळ आली की गटातल्या कुणीतरी त्या बाईला फोन करायचा आणि विचारायचं, "येतेस का? अकामा कधीपर्यंत आहे? पासपोर्ट कुणाकडे आहे?"

ताईला हे तीन प्रश्न त्या पाच महिन्यांत कुणीच विचारले नव्हते. आम्हीही नाही. ती आमच्याच वस्तीतली होती, ती गेलीय हे आम्हाला माहीत होतं, आमच्या वहीत तिचं नावही होतं. पुढचा रकाना मात्र नव्हता.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.